लायसन न विचारणारं गिऱ्हाईक

आमच्या दुकानात येणारा माणूस किंमत नंतर विचारतो. आधी विचारतो, "लायसन लागतं का?"

मी भोकरदनला घडीच्या इलेक्ट्रिक सायकली विकते. दुकान सासऱ्यांचं. ते साध्या सायकली विकायचे आणि भाड्याने द्यायचे. त्यांचे हात थकले, माझ्या नवऱ्याला शाळेची नोकरी सोडवेना, म्हणून मी गल्ल्यावर बसले. पुढे दुरुस्तीही शिकले. बाई पाना घेऊन बसलेली बघायला सुरुवातीला लोक थांबायचे. आता त्यांना घाई असते, थांबत नाहीत.

जाहिरातीत ही सायकल लिफ्टमधून नेतात, मोटारीच्या डिकीत ठेवतात. आमच्याकडे ती जीपच्या टपावर जाते. जाफराबादकडून, मधल्या खेड्यांतून माणसं जीपने भोकरदनला येतात आणि स्टँडवर उतरतात. पण काम स्टँडवर नसतं. शाळा गावाबाहेर, कापसाचं जिनिंग गावाबाहेर, आरोग्य उपकेंद्र आणखी आत. तेवढ्या अंतराला वाहन मिळत नाही आणि मिळालं तर भरल्याशिवाय निघत नाही. घडीची सायकल मधून दुमडते. ड्रायव्हर ती टपावर टाकतो आणि दोरीने बांधतो. माणूस बॅटरी काढून पिशवीत मांडीवर घेऊन बसतो. स्टँडवर उतरला की सायकल उघडली, बॅटरी बसवली, निघाला. दोरी बिजागरीवरून आवळायची नाही, हे मी प्रत्येकाला हाताने दाखवते. तरी बिजागरी खिळखिळी करून घेऊन येतातच. एका अंगणवाडीच्या बाईला एसटीच्या कंडक्टरने विचारलं होतं, "मावशी, पिशवीत बॉम्ब तर न्हाई ना?" तिने सांगितलं, "हाय. पण चार्जिंग उतरलं."

कायदा सरळ आहे. मोटार अडीचशे वॉटच्या आत, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत, आणि गाडीला सरकारमान्य संस्थेची तपासणी झालेली असली तर ती सायकल. नंबर नाही, लायसन नाही, विमा नाही, हेल्मेटची सक्ती नाही. यातलं काही ओलांडलं की ती मोटार वाहन झाली आणि सगळं लागू झालं. स्वस्तातली घेताना मोटारीवरचा आकडा वाचावा, तपासणीचा कागद मागावा, ब्रेक दाबल्यावर मोटार बंद होते का ते बघावं. एवढं बघणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. बाकीचे रंग बघतात.

कंट्रोलरमध्ये एक बारीक तार असते, ती वेग अडवून धरते. ती तोडली की सायकल पळते. आमच्याकडे ही तार तोडून देणं म्हणजे नारळासारखं झालंय, डिलिव्हरीबरोबर मागतात.

"ताई, जालन्यात फुकट तोडून देतात."

"मग जालन्यात घ्या."

"तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला नाही. तुम्ही कोणाला उडवलं तर तुमच्या वावराला पडेल, भरपाईला तेच विकाल."

मग माणूस रागावून जातो आणि बहुतेक वेळा जालन्यातच जातो.

लायसन लागत नाही म्हणजे नियमच लागत नाहीत, असं लोक धरून चालतात. डाव्या बाजूने जा म्हटलं की हसतात. "सायकलच हाय की, ताई." पेट्रोलच्या गाडीवर जो माणूस आरशात बघतो, तोच या सायकलीवर बसला की उलट्या बाजूने, दिवा न लावता, कानात फोन घालून जातो. आणि ज्यांना लायसन मिळत नाही, तेही माझ्याकडेच येतात. एक निवृत्त हेडमास्तर आले. मोतीबिंदू पिकलेला. मी म्हटलं, "गुरुजी, समोरच्या दुकानाची पाटी वाचा." त्यांनी घडाघडा वाचली. खाली मालकाचं नाव होतं, तेही वाचलं. मग लक्षात आलं, ते दुकान त्यांच्या विद्यार्थ्याचं. मी उभ्या जीपचा नंबर विचारला, तर म्हणाले, "कुठली जीप?" मी सायकल दिली नाही. गुरुजी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दिलीप आला तेव्हा त्याने लायसनचं विचारलंच नाही. माझ्या ते लक्षात राहिलं, कारण असं कोणी करत नाही. त्याला आधीच सगळं माहीत होतं. अडीचशे वॉट, पंचवीसचा वेग, सगळं तोंडपाठ. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. जालना रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या ऑफिसात काट्यावर बसायचा, कापसाची वजनं लिहायचा. गाव जाफराबादकडचं. तपासणीचा कागद मागणारं असं गिऱ्हाईक मिळालं म्हणून मला बरंच वाटलं. तारेचंही बोलला नाही, सायकल घेऊन गेला.

थोड्या दिवसांनी त्याची बायको आली. एकटी. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात रिकामी पिशवी, म्हणजे बाजाराला जाते सांगून निघालेली.

"ताई, मी दिलीपच्या घरची. रेखा. एक काम व्हतं, पण ह्यांना कळता कामा नये."

"आधी काम सांगा."

"ह्यांच्या सायकलीचा स्पीड कमी करून द्या."

मी हातातला पाना खाली ठेवला. वेग वाढवायला आलेल्यांना मी गेली काही वर्षं परत पाठवत होते. कमी करायला आलेलं हे पहिलं माणूस.

"किती कमी?"

"पळत जाऊन धरता येईल इतका."

मग तिने सांगितलं. दिलीपला फिट यायची. लहानपणी आलेली, मध्ये बंद झालेली, आता पुन्हा सुरू झालेली. एकदा मोटारसायकलवरून वावराच्या बांधावर पडला. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. भावाने गाडी विकायला लावली.

"मंग ह्यांनी मोबाईलवर शोधून काढलं, याला लायसन लागत न्हाई म्हणून. मला म्हणले, सरकार परवानगी देऊन राह्यलं, तू कोण अडवणारी?"

"जिनिंगमध्ये माहीत आहे?"

"न्हाई! त्यांना सांगू नका. फिटवाल्याला मशिनीच्या जवळ कोण ठेवतं?"

"मग चालत का जात नाहीत स्टँडवरून?"

"चालत जात व्हते. उशीर झाला की मुनीम सगळ्यांसमोर बोलतो. ह्यांना ते सहन व्हत न्हाई."

मी तिला सांगितलं की चोरून काही करणार नाही. बसणाऱ्याला वाटतंय सायकल पळेल आणि ती पळली नाही, तर रस्ता ओलांडताना तोच ट्रकखाली जाईल. आणि खरं म्हणजे त्याने बसायलाच नको.

"ते मी सांगून बघितलं. भांडत न्हाईत, ताई. जेवत न्हाईत."

"घेऊन या त्यांना. माझ्यासमोर बोला."

ती तशी काही आणणारी नव्हती. मीच फोन केला, पहिली सर्व्हिसिंग करून घ्या म्हणून. दिलीप आला, स्टुलावर बसला. मी चेनला तेल घातलं, ब्रेक आवळले आणि विचारलं, "तुम्हाला फिट येते का?"

तो म्हणाला, "रेखा आल्ती तर."

"आली होती. तुमच्या काळजीने आली होती."

"कायद्यात कुठं लिहिलंय का, फिटवाल्यानं सायकल चालवू नये म्हणून? दाखवा. तुम्ही रोज लोकांना कायदा सांगता ना?"

लिहिलेलं नव्हतं. मोटार वाहनाच्या लायसनला फिट चालत नाही. सायकलीला लायसनच नाही, तर विचारणार कोण? मी ते तसंच सांगितलं.

"मंग झालं," तो म्हणाला. नंतर आवाज खाली आणून बोलला, "ताई, मी गोळ्या बराबर घेतो. आणि यायच्या आधी मला समजतं. तोंडाला पितळेची चव येती. मी उतरून बसतो."

"दर वेळी समजतं?"

"बहुतेक."

मी सायकल परत द्या, पैसे घेऊन जा म्हटलं. त्याने नकाराची मान हलवली. मग जे जमेल ते ठरवलं. डिस्प्लेमध्ये वेग खाली आणायची सोय असते, ती त्याच्यासमोर वापरली. सायकल माणसाच्या पळण्याइतकी हळू झाली. त्याने हेल्मेट घेतलं. राहिला रस्ता. जालना रस्ता आता सिमेंटचा आहे आणि कडेचा मुरूम खाली बसलाय. कड वीतभर वर राहते. घडीच्या सायकलीची चाकं लहान, एकदा कडेवरून घसरलं की सावरत नाही, आणि मागून उसाचे ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या.

"मी मोठ्या रस्त्यानं जातच न्हाई," दिलीप म्हणाला. "वस्तीतून आतला रस्ता हाय. तिकडं गाड्या येत न्हाईत."

मलाही ते बरोबर वाटलं. रेखाला फोनवर सांगितलं, तर तिने सुटकेचा श्वास सोडलेला ऐकू आला. तो ट्रकखाली येऊ नये, एवढंच आम्ही सगळे बघत होतो. जिथे गाड्या येत नाहीत तिथे माणसं रस्त्यावर बसलेली असतात, हे तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

भागूबाई त्या वस्तीतली. सत्तरी ओलांडलेली, अंगाने बारीक. सकाळी उन्हाला घरासमोरच्या ओट्यापुढे, रस्त्याच्या कडेला पोतं टाकून बसायची. त्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलत होती.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. या सायकलीला दोन प्रकारे चाल मिळते. पॅडल मारलं की मोटार मदत करते आणि पॅडल थांबलं की मोटारही थांबते. दुसरा प्रकार म्हणजे उजव्या मुठीजवळचा खटका. तो अंगठ्याने दाबून धरला की पॅडल न मारता सायकल जाते. सगळ्यांना हा खटकाच आवडतो. फिट आली की हात आवळतात. साध्या सायकलीवर माणूस पॅडल मारायचा थांबतो, तोल जातो आणि पडतो. दिलीपचा अंगठा खटक्यावर आवळला गेला.

समोरच्या घरातल्या बाईने पाहिलं. तिने नंतर सांगितलं, "ते ताठ बसले व्हते. कुठं बघून राह्यले समजंना. आम्ही ओरडलो. भागूमाय उठायला गेली, तवर सायकल अंगावर. खाली पडले तरी अंगठा सुटला न्हाई. चाक फिरूनच राह्यलं व्हतं."

वेग फार नव्हता. पण सायकलीचं आणि माणसाचं मिळून वजन केवढं, आणि भागूबाईच्या मागे ओट्याचा दगडी काठ. जालन्याला नेलं. तिथे ती गेली. दिलीपचं खांद्याजवळचं हाड मोडलं. हेल्मेटला ओरखडाही नव्हता.

हवालदारांनी सायकल छोट्या टेम्पोत घालून दुकानापुढे आणली.

"मॅडम, एक सांगा. ही सायकल हाय का गाडी? कागदात एक काहीतरी लिहावं लागतं. हिला नंबर न्हाई, अन् मोटार तर हाय."

"ते आरटीओचे साहेब ठरवतील. मी काय विकलं ते सांगते."

साहेब जालन्याहून आले. मोटारीवरचा आकडा बघितला, माझ्याकडून कंट्रोलर उघडून घेतला. तार जागेवर होती. चाक उचलून वेग तपासला. माझ्या दुकानातून जेवढ्या सायकली गेल्या, त्यात इतकी नियमाला धरून असलेली सायकल दुसरी नसेल. साहेबांनी लिहिलं, सायकल. मीही पोलीस ठाण्यात जबाबात तेच सांगितलं. फिटबद्दल मला काय माहीत होतं, तेही विचारलं. तेही सांगितलं, कारण ते खरं होतं. रेखा बाकावर बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मग भागूबाईचा मुलगा अशोक आला. तेराव्याचं झाल्यावर आला असावा, डोक्यावर बारीक केस उगवलेले होते. मला वाटलं, आरडाओरडा करेल. त्याने चप्पल बाहेर काढली आणि स्टुलावर बसला.

"ताई, तुम्ही सांगितलं व्हय, ही सायकल हाय म्हणून?"

"हो. आहे ती सायकलच."

"गाडी म्हणल्या असत्या तर आमाला काही मिळालं असतं का?"

"नाही. विमा असता तर मिळालं असतं. हिचा विमा नसतोच."

"वकील म्हणला, मोटारसायकलनं गेली असती तर कंपनीनं दिलं असतं."

"हो. विमा भरलेला असता तर."

"म्हणजे आमची माय चुकीच्या वाहनाखाली गेली."

मी चहा मागवला, त्याने घेतला नाही. उठताना दारात लावलेल्या नव्या सायकलींकडे पाहिलं, एकीचा खटका अंगठ्याने दाबून बघितला आणि सोडला.

"ह्याच का?"

"ह्याच."

"अजून विकून राह्यल्या?"

"विकते," मी म्हटलं. "फिट येते का, ते विचारते. डोळे बघते. ज्याची शंका येईल त्याचा खटका काढून देते. एवढंच माझ्या हातात आहे."

"फिटचं आधी विचारत नव्हत्या?"

"कायदा विचारत नाही, म्हणून मीही विचारत नव्हते."

तो चप्पल घालून गेला. खटला अजून चालू आहे. निकाल काय लागायचा तो लागेल.

जिनिंगने दिलीपला काढलं. फिटचं सगळ्या गावाला कळलं होतं. काट्यावर दुसरा माणूस आला. दिलीप घरी बसला. खांदा जुळला, पण रेखाच्या सांगण्यावरून तो आता अंगणापलीकडे जात नाही. एकट्याने कुठे जायला तो स्वतःच भितो. मालकाने मेहरबानी म्हणून रेखाला घेतलं. काट्यावर नाही, कापूस निवडणाऱ्या बायांच्या रांगेत. कापसातला कचरा काढायचा, दिवसभर नाकातोंडात तंतू.

कोर्टाने सायकल सोडली तेव्हा रेखा ती जीपच्या टपावर टाकून माझ्याकडे घेऊन आली. पुढचं चाक वाकडं, दिवा फुटलेला.

"चालू करून द्या, ताई. मला जायला लागतं."

"तुम्ही चालवणार?"

"मंग कोण? शाळेत असताना चालवत व्हते. विसरले न्हाई."

मी चाक बदललं. तिने मुठीकडे बोट केलं. "हे खटका म्हणतात ते हेच का?"

"हो."

"काढा."

मी काढला. बाजार समितीच्या मोकळ्या जागेत तिला शिकवलं. लवकर शिकली. पदर कमरेला खोचून, ओठ दाबून चालवायची. दिवसासुद्धा दिवा लावायचा, वळताना हात दाखवायचा, उतारावर दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे, हे सगळं तिने एकदाच ऐकलं आणि केलं. मग मी म्हटलं, "वस्तीतून जा. तुम्हाला काही होत नाही, सायकल तुमच्या ताब्यात आहे. फक्त माणसं दिसली की उतरून चालायचं."

"वस्तीतून न्हाई."

"मोठ्या रस्त्याची कड बघितलीत ना?"

"बघितली. पण वस्तीत त्यांचा ओटा हाय, ताई. त्यांची सून रोज सकाळी तिथं झाडत असती. मी एकदा जीपमधून उतरून चालत गेल्ते तिकडून. तिनं झाडू थांबवला अन् मी जाईपर्यंत उभी राहिली. काही बोलली असती तर बरं झालं असतं."

मी आणखी दोनदा समजावलं. ती ऐकत होती आणि मान हलवत नव्हती. शेवटी मी मोठ्या रस्त्याचं शिकवलं. कडेला चिकटून चालायचं नाही, निदान हातभर आत राहायचं. कडेला राहिलं की मागचा ट्रक घासून जातो. आत राहिलं की त्याला वळसा घ्यावा लागतो. मागून हॉर्न वाजला म्हणून घाबरून मुरमावर उतरायचं नाही, उतरलं की चाक घसरलंच.

"शिव्या देतील."

"देऊ द्या."

"अन् न्हाई घेतला वळसा तर?"

"घेतात बहुतेक," मी म्हटलं.

सकाळी मी शटर उघडते तेव्हा ती दुकानासमोरून जालना रस्त्याला लागलेली असते. मागून कापसाची गाडी येते, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात उचलत नाही. ती पॅडल मारत राहते आणि कडेला सरकत नाही.